नमुन्याचा कागद

दर जानेवारीत बाबा टाइपरायटर
जुन्या घोंगडीत गुंडाळायचे, वरून सुतळी,
आणि माझ्या घसरगाडीवर ठेवून आम्ही तो
सिबियूच्या बर्फातून चौकीपर्यंत ओढत न्यायचो,
आजारी माणसाला न्यावं तसा, खड्डे चुकवत.

कायदाच होता.
ज्याच्या घरी अक्षरं, त्यानं वर्षातून एकदा
ती सरकारला दाखवून आणायची.

आमच्या गावातल्या छपरांना डोळे आहेत,
कौलांत कोरलेले, अर्धवट मिटलेले.
पाहुणे दचकतात.
आम्ही नाही दचकलो कधी, त्या डोळ्यांनी
आजवर कुणाची चुगली केलेली नाही.
आम्ही दचकायचो ते पाकिटाची कड
नको इतकी नीट चिकटलेली दिसली की.

चौकीत सार्जंट बुर्लाकू.
टेबलाखाली विजेची शेगडी, शेगडीवर वाळत मोजे.
"लिहा."
बाबा लिहायचे: सगळी मुळाक्षरं, आधी मोठी, मग लहान,
शून्य ते नऊ, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह.
आमच्या यंत्रातला 'आर' ओळ सोडून जरा वर उडी मारायचा.
बुर्लाकू त्याच्यावर भिंग धरायचा
आणि खुलायचा, गर्दीत ओळखीचं कुणी भेटावं तसा.
"याच्यावरून तर हजारांत ओळखू तुम्हाला.
घाबरता काय? कर नाही त्याला डर कशाला?"
बाबा हसायचे.
ते हसू ते चौकीबाहेर कधी आणत नसत.

आणि लिहायचे तरी काय त्या यंत्रावर?
मधमाश्या. पाळणाऱ्यांच्या संघाचा तिमाही अहवाल,
पोळ्याला लागलेली बुरशी,
हिवाळ्यात साखरेचा पाक किती पातळ द्यावा.
खरं काही बोलायचं असलं
की आधी मोरीतला नळ सोडायचे,
मग आईच्या कानाशी जायचे.
मला कितीतरी वर्षं वाटायचं,
प्रेमाचं बोलणं पाण्याच्या आवाजातच करतात.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये बाबा गेले.
चौथ्या दिवशी बुर्लाकू यंत्र न्यायला आला.
मालक नाही, परवाना नाही.
जाताना टोपी काढली त्यानं, हेही सांगायला हवं.
पावती आईनं साखरेच्या डब्यात ठेवली.

वीस वर्षांनी बुखारेस्टमध्ये
एका उंच छताच्या खोलीत माझ्यापुढे फाइल आली.
आमच्या घराला त्यांनी नाव ठेवलं होतं: पोळं.
चौदाव्या वर्षी मी वेतुरियाला लिहिलेली पत्रं,
सत्तावीस,
कुणीतरी हातानं उतरवून घेतलेली, निळ्या शाईत,
माझ्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून.
एका जागी मी लिहिलं होतं, "कुणाला सांगू नकोस."
त्याखाली लाल रेघ.
समासात: कोणाला? शोध घ्यावा.

मला हसू फुटलं.
पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा रागानं बघायला लागला.
त्याच्यापुढे गठ्ठे होते.

बसच्या तिकीटखिडकीवरचा एक मुलगा, एवढंच होतं ते.
त्याला मी कधी बोलले नाही.
त्याला ठाऊक नाही, एका खात्याला ठाऊक होतं.

कर नव्हती, सार्जंट.
तरी अजून, मुलीशी फोनवर मनातलं बोलायचं म्हटलं
की माझा हात नळाकडे जातो.

सगळ्यात शेवटी नमुन्याचे कागद. पाच.
बाबांचे अहवाल संघाच्या आगीत गेले,
म्हणजे त्यांच्या बोटांचं जगात उरलेलं एवढंच.
चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, तीच मुळाक्षरं, तेच आकडे.
पण पाचव्यावर, प्रश्नचिन्हानंतर,
दोन ओळी सोडून,
एक जास्तीचा 'आर'.
वर उडी मारलेला.
शेजारी पेन्सिलीनं: हेतू अस्पष्ट.

माझं नाव रुक्सांद्रा.
बोट घसरलं असेल. थंडी होती.

खिडकीवरच्या बाईनं विचारलं, कशाच्या प्रती हव्यात,
पत्रांच्या?
मी पाचवा कागद पुढे केला.
तिनं तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा.
"पैसे कशाला घालवता," ती म्हणाली,
"यात तर काही लिहिलेलंच नाही."